गोळी पोटात गेल्यावर

हृदयविकारावरचं डिगॉक्सिन काही रुग्णांना नेहमीच्या मात्रेत पुरेसं लागू पडत नाही. त्याचं एक कारण आतड्यात सापडतं. तिथला ‘एगर्थेला लेंटा’ हा जीवाणू आपल्या विकराने औषधाच्या रेणूतला एक दुहेरी बंध मोडतो आणि औषध निकामी होतं. या कामाशी निगडित जनुकं संशोधक पीटर टर्नबॉ यांच्या गटाने २०१३ मध्ये शोधली. अशा रुग्णाला प्रतिजैविक दिलं, की हे जीवाणू मरतात आणि रक्तातलं डिगॉक्सिन धोकादायक पातळीवर जाऊ शकतं. म्हणूनच चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना सांगा, मात्रा मनाने वाढवू नका. मात्रा ठरवताना वय-वजनाबरोबर जीवाणूंचाही विचार व्हायलाच हवा, असं आम्हाला मनापासून वाटतं.