सीमेवरची साखर आणि दुर्लक्षित रक्तदाब

रक्ततपासणीत एचबीए१सी ६.१ निघतं आणि त्या दिवसापासून घरातला साखरेचा डबा वरच्या फळीवर जातो. चहा बिनसाखरेचा, आंबा मोजून, भात एक वाटी. चहाबरोबरची खारी आणि जेवणातलं लोणचं-पापड मात्र बिनधास्त चालू राहतं, कारण त्यात ‘गोड काही नाही’. याच माणसाचा रक्तदाब १४६/९२ भरला, तर ‘दवाखान्यात वाढतोच, टेन्शनही आहे’ एवढ्यावर विषय मिटतो. साखर सीमेवर आणि रक्तदाब सीमेच्या पलीकडे, असं असताना सगळी धास्ती साखरेचीच घेतली जाते. मधुमेहपूर्व अवस्थेत हृदय सांभाळायचं असेल तर हा क्रम उलटा करायला हवा, असं माझं म्हणणं आहे.

आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहपूर्व अवस्थेतले सुमारे १३.६ कोटी लोक आहेत, तर उच्च रक्तदाबाचे ३१.५ कोटी. यातले बरेच जण दोन्ही याद्यांत आहेत आणि तो योगायोग नाही. पोटाभोवती चरबी साठते, शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, रक्तातलं इन्सुलिन वाढतं आणि मूत्रपिंडं मीठ धरून ठेवू लागतात. साखर आणि दाब एकाच मुळातून वर येतात. पण दोघांचा धोका सारखा नाही. मधुमेहपूर्व अवस्थेमुळे हृदयविकाराची शक्यता साधारण १५ टक्क्यांनी वाढते, असं अनेक अभ्यास एकत्र करून २०२० साली मांडलं गेलं. रक्तदाबाचं गणित याहून कितीतरी कडक आहे: चाळिशी ते सत्तरीच्या दरम्यान वरचा आकडा २० ने वाढला की हृदयविकाराने किंवा पक्षाघाताने मरण्याचा धोका जवळपास दुप्पट होतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: साखर आटोक्यात आणली, वजन उतरवलं, की हृदय आपोआप सांभाळलं जाईल. इथे अमेरिकेतल्या ‘डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम’कडे पाहायला हवं. २००२ साली आलेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार आहार-व्यायामाने मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिनने ३१ टक्क्यांनी. याच लोकांचा पुढे सुमारे २१ वर्षं माग ठेवला, तेव्हा हृदयविकाराचे मोठे झटके किंवा पक्षाघात मात्र दोन्ही गटांत लक्षणीयरीत्या घटलेले दिसले नाहीत. याउलट चीनमधल्या दा चिंगच्या प्रयोगात, १९८६ मध्ये आहार-व्यायाम सुरू केलेल्या गटात तीस वर्षांनी हृदयविकार आणि पक्षाघात २६ टक्क्यांनी कमी आढळले. मग खरं कुणाचं? मला वाटतं, दोघांचंही. अमेरिकेतल्या प्रयोगात तुलनेच्या गटातल्या लोकांनाही रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या सर्रास मिळत होत्या. त्या काळच्या चीनमध्ये तशी सोय फारशी नव्हती. हा माझा अंदाज आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. पण तो बरोबर असेल, तर हृदय वाचवण्याचं बरंचसं काम त्या गोळ्यांनी आधीच केलेलं होतं. चालणं आणि वजन उतरवणं यामुळे गैरलागू ठरत नाही, त्याने रक्तदाबही उतरतो. फक्त ‘आधी साखर बघू, मग बीपी’ या सबबीला त्यातून आधार मिळत नाही.

गोळ्यांविषयीचा आक्षेप अधिक वजनदार आहे. ‘एकदा लागली की सुटत नाही’ हे वाक्य तर घरोघरी ऐकू येतं. त्यातलं तथ्य एवढंच, की गोळी बंद केली की दाब बहुधा पुन्हा चढतो, कारण मूळ दुखणं गेलेलं नसतं. काही गोळ्या साखर किंचित वाढवतात, हेही खरं. एका मोठ्या चाचणीत क्लोरथॅलिडोन ही रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांत नव्याने मधुमेह झालेले थोडे जास्त आढळले. पण त्याच चाचणीत हृदय सांभाळण्यात ते औषध इतरांपेक्षा कमी पडलं नाही. २०१५ च्या स्प्रिंट चाचणीत मधुमेह नसलेल्या, पण हृदयाला धोका असलेल्या नऊ हजारांहून अधिक लोकांचा वरचा दाब १४० ऐवजी १२० च्या खाली आणायचा प्रयत्न झाला आणि हृदयाशी संबंधित मोठे आघात २५ टक्क्यांनी घटले. मधुमेहपूर्व अवस्थेतल्यांनाही तेवढाच फायदा झाला. अर्थात त्याच चाचणीत चक्कर येऊन पडणं, मूत्रपिंडावर ताण, क्षारांची गडबड हेही वाढलं. म्हणून १२० चा हट्ट सरसकट सगळ्यांसाठी नको. उठताना तोल जाणाऱ्या वृद्धांसाठी तर नकोच. पण १४६ वर निवांत बसणं ही काही सावधगिरी नव्हे.

रक्तदाबाच्या बाबतीत ढिलाई होते ती बरीचशी मोजण्यात. घरी येऊन रक्त नेणाऱ्या तपासणी पॅकेजात साठ-सत्तर आकडे छापून येतात, दंडाला पट्टा मात्र कुणी बांधत नाही. आणि दवाखान्यात बांधतात तेव्हा माणूस जिना चढून नुकताच टेकलेला असतो, बाही दुमडलेली, पाय लोंबकळते आणि तोंडाने बोलणं चालू. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून, दोनदा मोजलेला आकडाच जमेस धरावा. घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून सरासरी १३५/८५ च्या वर जात असेल, तर ते ‘दवाखान्यातलं टेन्शन’ राहत नाही. रक्तदाब मोजून मिळायला आणि अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टनसारख्या जुन्या, स्वस्त गोळ्या सुरू करायला प्राथमिक आरोग्य केंद्र पुरतं. एचबीए१सीसाठी खिशातून पैसे मोजणाऱ्या माणसाने पुढच्या खेपेला डॉक्टरांना साखरेच्या आधी दाबाचा आकडा विचारावा, आणि खारीच्या पुड्यामागे छापलेलं सोडियमचं प्रमाणही एकदा वाचावं.