आकड्याला घाबरू नका, आधी ठिपका बघा

मोबाइलवर अधूनमधून एक यादी फिरते. ई-१२०, ई-४७१, ई-६३१ हे आकडे पुड्यावर दिसले की वस्तू हराम समजा, असं तीत लिहिलेलं असतं. मग आर्वीपासून हिंगणघाटपर्यंत कितीतरी घरांत चांगली बिस्किटं बाजूला पडतात.

यादी साफ खोटी नाही. पण नुसता आकडा पदार्थ कुठून आला ते सांगत नाही. ४७१ चंच बघा. तेल आणि पाणी एकजीव ठेवायला ते घालतात. पामतेलापासून होतं, तसंच जनावराच्या चरबीपासूनही होतं. आकडा मात्र एकच.

आपल्याकडे एक सोय आहे. पुड्यावर हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका असेल, तर आतलं ४७१ प्राण्यांच्या चरबीचं असता कामा नये. तसा कायदाच आहे. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही बजावलं, की प्राणिज घटक कितीही थोडा असला तरी वस्तू मांसाहारीच धरायची. त्या खटल्यात चिप्स-नूडल्सच्या मसाल्यातल्या ६३१ चाच दाखला होता. ते मांस-मासळीपासूनही काढतात. कोर्टात गेली होती गोरक्षकांची संस्था. सोय झाली जैनांची, माळकऱ्यांची आणि मुसलमानांचीही.

तेव्हा दुकानात उभ्या उभ्या आधी ठिपका बघा, मग घटक वाचा. अक्षरं फार बारीक असतात. शाळेतल्या पोराला वाचायला लावा.

मांसाहारी वस्तूवरचा तपकिरी त्रिकोण दिसला म्हणून लगेच पुडा ठेवून देऊ नका. कधी कधी तो फक्त अंड्यामुळे असतो. पण त्याच पुड्यात ४७१, ६३१ किंवा जिलेटिन असेल, तर हलालचा शिक्का शोधा. शिक्का नसेल तर पुड्यावरच्या ग्राहक क्रमांकावर फोन करून विचारा, हे कोणत्या प्राण्याचं आहे? उत्तर गोलमोल आलं तर नका घेऊ.

हिरव्या ठिपक्यातही दोन गोष्टी सुटतात. गोळ्या-चॉकलेटच्या चकाकीसाठी वापरतात ती लाख, म्हणजे ९०४, आणि मधमाशीचं मेण, म्हणजे ९०१, यांना कायदा मांसाहारी धरत नाही. तुम्हाला चालतं का, ते मौलानांना विचारा. दुसरं इसेन्स. आपला जिल्हा दारूबंदीचा, तरी व्हॅनिलाच्या बाटलीत अल्कोहोल असू शकतं. बिनअल्कोहोलचंही मिळतं, बाटली वाचून घ्या.

खरी अडचण सुट्या मालाची. वाढदिवसाचा केक, पेस्ट्री, लग्नातलं पुडिंग, यांवर ठिपका शोधणार कुठे? बेकरीवाल्याला सरळ म्हणा, "भाऊ, केक जेलचा डबा दाखवा." केक फुगून मऊ राहावा म्हणून ते घालतात, आणि त्यात बहुधा ४७१ असतंच. डब्यावर हिरवा ठिपका दिसला की जेलचा प्रश्न मिटला. मग वरच्या लाल-गुलाबी रंगाची बाटली बघा. १२० असेल तर तो रंग किड्यांपासून काढलेला. विचारताना आवाज चढवायचं कारण नाही. कित्येकदा त्या बिचाऱ्यालाही ठाऊक नसतं. डबा उलटून तोही पहिल्यांदाच वाचत असतो.

लग्नात आचाऱ्याला आधीच विचारा, जेलीत जिलेटिन घालणार की चायना ग्रास? चायना ग्रास समुद्री शेवाळाचं असतं. ते निर्धास्त खा.

औषधाचं मात्र वेगळं. कॅप्सूलचं वेष्टण बहुतेक जिलेटिनचं असतं, आणि औषधांवर ठिपक्याची सक्ती नाही. म्हणून चालू कॅप्सूल मनानेच सोडू नका. दवाखाना सेवाग्रामचा असो की गावातला, डॉक्टर चिठ्ठी लिहीत असतानाच विचारा, हेच औषध गोळीत किंवा सिरपमध्ये मिळेल का? बऱ्याचदा मिळतं.

आणि समजा ठिपका हिरवा, पण घटकांत जिलेटिन लिहिलेलं दिसलं, तर पुडा फेकू नका. बिलासकट जपून ठेवा. अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार द्या, नाहीतर १९१५ या ग्राहक क्रमांकावर फोन करा. फोटो ग्रुपवर टाकायच्या आधी एवढं करा.