गुलाबाची मालकी

भोपाळच्या शासकीय गुलाब उद्यानात थंडीच्या दिवसांत भरणारे गुलाबांचे प्रदर्शन हे त्या सरोवरनगरीचे एक भूषण होय. पाहणारा रंग-गंध घेऊन घरी जातो. ते वाण कोणाच्या हातून जन्मले, हे विचारीत नाही. ‘डॉ. होमी भाभा’ हा गुलाब डॉ. बी. पी. पाल यांनी निर्माण केला, हे कितीजणांस ठाऊक आहे? पाल हे मूळचे गव्हाचे संशोधक व सरकारी सेवेतील अधिकारी. गुलाबावर त्यांचे पोट नव्हते. ज्याचे आहे, त्या लहान बागवानाचे काय? एका संकरामागे आठ-दहा वर्षे जातात, शेकडो रोपे उपटून टाकावी लागतात. आणि झाड बाजारात आले की कोणीही त्याचा एक डोळा काढून रानगुलाबाच्या खुंटावर भरतो व वर्ष-दोन वर्षांत कलमांचा ढीग विकतो. यास चोरी म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

परंतु म्हणून फुलझाडांना सरसकट पेटंट द्यावे, हे आम्हांस मान्य नाही. अमेरिकेने १९३० साली तसा कायदा केला. १९३१ साली पहिले पेटंट मिळाले ते ‘न्यू डॉन’ या वेलगुलाबास. गंमत अशी की, तो कोणी संकर करून घडविलेला नव्हता, डॉ. व्हॅन फ्लीट यांच्या गुलाबास निसर्गानेच दिलेले ते नवे रूप! डॉक्टर तत्पूर्वीच निवर्तले होते. पेटंट गेले फरक हेरणाऱ्या बागवानाकडे.

आपल्या संसदेने २००१ साली वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा करून मधला मार्ग धरला. वेगळे, एकसारखे व स्थिर ठरलेले नवे वाण नोंदविणाऱ्यास ठरावीक मुदतीपुरता विक्रीचा अनन्य हक्क मिळतो; संशोधकास त्यावरून पुढचा संकर करता येतो; शेतकऱ्याचा बियाणे राखण्याचा व देण्याघेण्याचा हक्क अबाधित राहतो. हे योग्यच झाले. मात्र कायद्यात शेतकरी आहे. कुंपणावरून शेजारणीस जास्वंदीची फांदी देणारी, देवाच्या परडीपुरती फुले वाढविणारी आमच्या गोव्यातील गृहिणी कोठे आहे? तिला नियमांत निःसंदिग्ध अभय मिळाले पाहिजे. तसेच चाचण्यांचा व कागदपत्रांचा भार लहान बागवानास पेलेल इतका हलका झाला पाहिजे. एरवी हा कायदा मोठ्या कंपन्यांचाच होऊन बसेल. आणि गुलाबाची प्रदर्शने भरविणाऱ्यांनी प्रत्येक फुलापुढे त्याच्या जन्मदात्याचे नाव लावावे. त्यास कोणत्याही कायद्याची गरज नाही.