भूल, उपवास आणि स्निग्धाम्लांचे विकार
मुळशीतील उरवड्याहून शस्त्रक्रियेसाठी पुण्यास नेलेल्या बालकास आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवण्याचा रिवाज एरवी निर्धोक असला, तरी जन्मजात विकारामुळे ज्याच्या शरीरास स्निग्धाम्लांचे ज्वलन करून शक्ती मिळविता येत नाही, त्याच्यावर तो प्राणसंकट ओढवून आणू शकतो. कारण यकृतातील साठा सरताच रक्तशर्करा घसरते आणि मेंदूस पर्यायी इंधनही पुरेसे लाभत नाही. शिरेतून ग्लुकोज अखंड चालू ठेवणे हाच येथील पहिला जाबता.

नेहमीचे प्रोपोफॉल सोयाबीन तेलाच्या दुधाळ मिश्रणात येत असल्याने अशा रुग्णांत अनेक भूलतज्ज्ञ ते टाळतात वा बेताने वापरतात. फेंटॅनिलसारख्या अफूवर्गीय औषधांत ते तेल नसते, म्हणून त्यांचे मोल विशेष. मात्र त्यांनी श्वास मंदावतो, उलट्याही होतात. तेव्हा रुग्ण नीट खाऊ लागेपर्यंत ग्लुकोज थांबविणे घातकच.

अशा अफूवर्गीय औषधांवरील, १९८५च्या अमली पदार्थ कायद्यातील परवान्यांचा जाच २०१४च्या दुरुस्तीने हलका झाला. अशा विकारांच्या दृष्टीने महत्त्वाच्या २०२१च्या दुर्मीळ रोग धोरणात मुंबईच्या केईएम रुग्णालयास उत्कृष्टता केंद्राचा दर्जा मिळाला. आता आरोग्य खात्याने एवढी तजवीज करावी, की निदान झालेल्या प्रत्येक मुलाच्या पालकांजवळ भूलतज्ज्ञासाठी मराठी व इंग्रजीतील लेखी इशारापत्र असेल.