नवी बॅटरी घेताना जुनीचं काय?

डिसेंबर-जानेवारीत सकाळी सातच्या सुमाराला नाशिकच्या कुठल्याही कॉलनीतून चक्कर मारली, तर एखाद्या तरी गाडीतून तोच आवाज ऐकू येतो. कुं...कुं...कुं... आणि मग नुसतंच ‘टिक’. मुलांच्या शाळेची वेळ झालेली, डबे मागच्या सीटवर, आणि गाडी काही उठत नाही. मग बाईसाहेब गाडीत बसल्या बसल्याच घरात फोन लावतात, ‘अहो, जरा खाली या ना!’

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत नाशिकच काय, सिन्नर, मालेगाव, निफाडसारख्या गावांतही बायकांनी स्टिअरिंग हातात घेतलं. सासूबाईंना दवाखान्यात नेणं, मुलांना क्लासला सोडणं, वणीला देवीच्या दर्शनाला जाणं, सगळं आपण करतो. बॉनेट मात्र अजून पुरुषांच्याच ताब्यात आहे. ज्या गावातल्या कितीतरी घरांची चूल सातपूर-अंबडच्या गाड्यांच्या कारखान्यांवर पेटते, २००२ साली आलेली स्कॉर्पिओ जिथे तयार होऊ लागली, तिथल्या बाईलाही बॅटरीचं नाव काढलं की ‘ते यांना विचारा’ असं म्हणावंसं वाटतं, याचं मला नवल वाटतं.

खरं तर बॅटरीचं आणि बायकांचं नातं जुनं आहे. पूर्वी मोटार सुरू करायची म्हणजे पुढून लोखंडी हँडल घालून जोरात फिरवावं लागे. जुन्या जीपला हँडल मारणारे लोक आपल्यापैकी काहींनी पाहिलेही असतील. ते हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेवरचा स्टार्टर बसला आणि ताकदीचा प्रश्नच संपला. बायकांना एकटीने गाडी घेऊन निघणं सोपं झालं ते तेव्हापासून. आणि हा स्टार्टर चालतो बॅटरीवर.

बॅटरी म्हणजे काही मोठं गूढ नाही. आत सहा कप्पे, त्यात शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाच्या आम्लाचं पाणी. प्रत्येक कप्प्यातून दोन व्होल्टच्या थोडी वर वीज, म्हणून एकूण बारा व्होल्ट. भारनियमनाच्या दिवसांत इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालण्याचं काम किती घरांत बायकाच करत होत्या! ही तिचीच बहीण. फरक एवढाच, की इन्व्हर्टरची बॅटरी तासन् तास थोडी थोडी वीज देते, आणि गाडीची बॅटरी सेल्फ मारताना दोन-चार सेकंदांत एकदम भरपूर देते. म्हणून एकीच्या जागी दुसरी बसवू नये, कुणी कितीही स्वस्तात देतो म्हटलं तरी.

आपल्याकडे बॅटरी थंडीत बंद पडते, म्हणून सगळा दोष थंडीला जातो. निफाडला पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली उतरतो. अशा गारठ्यात बॅटरीची ताकद कमी होते आणि इंजिनातलं ऑइलही घट्ट झालेलं असतं. पण तिची खरी झीज झालेली असते एप्रिल-मेच्या उन्हात. उष्णतेने आतल्या पट्ट्या लवकर गंजतात, पाणी उडतं. मे महिन्यात अर्धमेली झालेली बॅटरी डिसेंबरात मान टाकते, एवढंच. दुसरं कारण म्हणजे गाडी नुसती उभी राहणं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पार्किंगमध्ये पडून राहिलेल्या किती गाड्या नंतर धक्का मारून सुरू कराव्या लागल्या, आठवतं ना? घरापासून भाजी बाजारापर्यंत जाऊन येणाऱ्या गाडीचंही तेच होतं. सेल्फ मारताना जेवढी वीज गेली तेवढी परत भरायलाही तिला वेळ मिळत नाही. आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास सलग चालवावी.

तीन-चार वर्षं झाली, सेल्फ आळसावल्यासारखा फिरतोय, इंजिन बंद असताना हेडलाइट पिवळट वाटतो, तर बंद पडायची वाट बघू नका. कुठल्याही बॅटरीच्या दुकानात मीटर लावून दोन मिनिटांत बघून देतात. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी साडेबारा व्होल्टच्या वर दाखवते. बाराच्या आसपास आली तर ती जवळजवळ रिकामी. मग इंजिन सुरू करून पुन्हा मीटर लावायला सांगा. आकडा साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान यायला हवा. तसा येत नसेल तर दोष बॅटरीत नसून तिला चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरमध्ये असू शकतो, किंवा पट्ट्यात, किंवा नुसत्या ढिल्या वायरमध्ये. ही दुसरी तपासणी न करता ‘बॅटरी गेली मॅडम’ म्हणणाऱ्या दुकानातून मी तरी उठून येईन. कधी कधी तर टर्मिनलवर जमलेली पांढरी-हिरवी बुरशी तेवढी कारण असते. इंजिन बंद करून, रबरी हातमोजे घालून, खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने ती पुसली आणि नंतर थोडं व्हॅसलीन लावलं की काम झालं. जवळ काडी किंवा लायटर मात्र पेटवू नका. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि तो पेट घेतो.

मागच्या वर्षी आमच्या गाडीची बॅटरी बदलायला मी एकटीच गेले होते. दुकानदाराने माझ्याकडे बघून पहिलं वाक्य टाकलं, ‘साहेबांना पाठवा ना ताई, त्यांना नीट सांगतो.’ मी म्हटलं, ‘साहेब गाडी चालवत नाहीत, मी चालवते. मलाच सांगा.’ मग त्याने जी बॅटरी काढली, तिच्यावरची तारीख अकरा महिन्यांपूर्वीची होती. नवीकोरी दिसणारी बॅटरीसुद्धा दुकानात पडून पडून उतरत असते. तीन महिन्यांच्या आतली मिळाली तर उत्तम, सहा महिन्यांच्या वरची घेऊच नये. मी तारखेवर बोट ठेवल्यावर आतून दुसरी आली! त्या गृहस्थांचा आवाजही मग बदलला, हे सांगायला नको.

बाकी निवडायचं काय, तर कंपनीने गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय ते. लहान पेट्रोल गाडीला साधारण ३५ ॲम्पिअर-अवरची पुरते, डिझेलला बरीच मोठी लागते. मोठी बसवली की जास्त टिकेल असं नाही, उलट ती ट्रेमध्ये नीट बसत नाही आणि हादरे खाते. आकड्याच्या शेवटी ‘एल’ किंवा ‘आर’ हे अक्षर असतं. टर्मिनल कुठल्या बाजूला आहेत ते त्यावरून कळतं. ते चुकलं तर वायर पोचतच नाही आणि मग मेकॅनिक ओढाताण करतो. सिग्नलला आपोआप बंद होऊन परत सुरू होणारी गाडी असेल तर तिला खास ‘ईएफबी’ किंवा ‘एजीएम’ प्रकारची लागते. साधी बसवली तर स्वस्त पडते आणि लवकर जाते. आणि हो, इलेक्ट्रिक गाडी घेतली म्हणजे यातून सुटका, असंही समजू नका. मोठ्या बॅटरीशिवाय तिच्यातही बारा व्होल्टची एक छोटी बॅटरी असते, आणि ती बसली की अख्खी गाडी मुकी.

खोक्यावर ‘४८ महिने वॉरंटी’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. ते फोडून वाचा. आत २४ अधिक २४ असतं. पहिल्या २४ महिन्यांत बिघडली तर बदलून मिळते, पुढच्या २४ मध्ये नव्या बॅटरीच्या किमतीत नुसती सूट मिळते. तीही महिन्यागणिक घटत जाते आणि छापील किमतीवर काढतात की विक्रीच्या, हे आधीच विचारलेलं बरं. हे सगळं मिळतं ते पक्कं बिल असेल तर. २२ सप्टेंबर २०२५ पासून या बॅटऱ्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आलाय, तरी ‘बिल नको असेल तर कमी करतो’ हा सूर काही थांबलेला नाही. बिलावर बॅटरीचा क्रमांक आणि गाडीचा क्रमांक, दोन्ही लिहून घ्या.

इथवरचं सगळं आपल्या पैशांचं आणि सोयीचं झालं. मला जास्त बोलायचंय ते त्या जुन्या बॅटरीबद्दल. नवी बसली की तिच्याकडे कुणी वळूनही बघत नाही. नऊ-दहा किलोचं ते काळं खोकं, त्यातलं निम्म्याहून जास्त वजन शिशाचं. दुकानदार ती परत घेऊन किमतीत सूट देतो. पण भंगारवाला दोनशे-चारशे जास्त देतो म्हटलं की आपण ती घरी आणतो. ‘तेवढेच पैसे सुटले’ असं वाटतं.

ती पुढे कुठे जाते? नोंदणी असलेल्या कारखान्यात गेली तर ठीक. तिथे बंद यंत्रात ती फोडतात, आम्ल वेगळं काढतात, शिसं जवळजवळ सगळं परत वापरात येतं. पण चोरून चालणाऱ्या भट्टीवर गेली, तर कुऱ्हाडीने फोडतात, आम्ल नाल्यात ओततात आणि पट्ट्या उघड्यावर वितळवतात. धूर वस्तीवर, राख अंगणात. २०१७ मध्ये आपल्या महापालिकेने अंबड लिंक रोडवरचा अनधिकृत भंगार बाजार पोलीस बंदोबस्तात हटवला होता. तिथे बॅटऱ्या वितळवत असं मी म्हणत नाही. पण बाजार उठवला म्हणून भंगार संपत नाही, ते दुसरीकडे सरकतं आणि आपल्या नजरेआड होतं.

सेनेगल देशात डाकार शहराजवळ थियारोय-सुर-मेर नावाची वस्ती आहे. तिथे बरीच वर्षं जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढायचं काम चाले. शिशाचे भाव वाढले तसे लोक तिथली मातीच उकरून, चाळून शिसं विकायला लागले. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या पाच महिन्यांत तिथली अठरा लहान मुलं दगावली. मागे राहिलेल्या भावंडांचं आणि आयांचं रक्त तपासलं, तर त्यातही शिसं भरलेलं.

आफ्रिकेतली गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. २०२० साली युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेने काढलेल्या अहवालात अंदाज दिलाय, की जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात काळजी करावी इतकं शिसं आहे, आणि त्यातली साडेसत्तावीस कोटी मुलं भारतातली आहेत. बॅटऱ्यांचं असं बेशिस्त भंगारकाम हे त्याचं एक मोठं कारण त्यात सांगितलंय. शिशाची सुरक्षित अशी मात्राच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मुलाचं पोट मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शिसं शोषून घेतं. ते मेंदूत जातं, बुद्धी खुंटते. मूल चिडचिडं होतं, अभ्यासात मागे पडतं आणि आपण म्हणतो, ‘याचं लक्षच नसतं.’ आणि बाईचं म्हणाल, तर शिसं हाडांत साठून राहतं आणि गरोदरपणी हाडांतून सुटून बाळापर्यंत पोचतं. कितीतरी वर्षांपूर्वी अंगात गेलेलं शिसं!

बचत गटाच्या कामामुळे माझं बऱ्याच वस्त्यांत जाणं होतं. भंगाराच्या कामावर जाणाऱ्यांच्या घरी एक गोष्ट सारखी दिसते. कामावरचे कपडे घरच्या कपड्यांबरोबरच धुतले जातात, आणि धुणारी बाई कडेवर मूल घेऊन ते झटकते. त्या धुळीत काय आहे, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. आपण चारशे रुपये वाचवले, त्याची किंमत भरणारी ही बाई आहे, असं मला वाटतं.

कायदा आहे. २००१ पासूनच्या जुन्या नियमांच्या जागी ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारने बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम आणले. बॅटरी बनवणाऱ्या कंपनीवर ती गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी टाकली. आपल्यावरही टाकली आहे, की वापरून झालेली बॅटरी इतर कचऱ्यात न मिसळता वेगळी, अधिकृत गोळा करणाऱ्याकडेच द्यायची. पण हे सांगणारी पाटी मला तरी नाशिकमधल्या एकाही बॅटरीच्या दुकानात दिसलेली नाही. महापालिकेने आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने एवढं तरी करावं, की प्रत्येक दुकानात मराठीत ठळक फलक लावायला लावावा आणि परत घेतलेल्या बॅटऱ्या पुढे कुणाला दिल्या याची वही अधूनमधून तपासावी. कारण दुकानदाराकडे दिलेली बॅटरीही मागच्या दाराने भंगारात जाऊ शकते. ते तपासणं आपल्या हातात नाही, त्यांच्या आहे.

आपल्या हातात बिल आहे. कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडेच जुनी बॅटरी द्या आणि बिलावर ‘जुनी बॅटरी जमा, सूट इतके रुपये’ अशी ओळ लिहून मागा. इन्व्हर्टरच्या बॅटरीलाही हेच लागू आहे. कुठे गच्चीत, जिन्याखाली जुनी पडून असेल तर ती आडवी करू नका, आम्ल सांडतं. मुलांना तिथे खेळू देऊ नका आणि घंटागाडीतही टाकू नका. दुकानदाराला फोन केलात तर नवी बसवायला येणारा मुलगाच ती घेऊन जातो. जाताना तेवढी ती ओळ मात्र लिहून घ्या.