जमिनीखालचे तेल आणि जमिनीवरचा शेतकरी



देशाला तेल हवे आणि वायूही हवा, याबद्दल कोणाचे दुमत असू नये. निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव या आपल्या भागातील शेती आज डिझेलवाचून चालत नाही. नांगरट ट्रॅक्टरने होते आणि ऊसही कारखान्याला ट्रॅक्टर-ट्रॉलीनेच जातो. उसाला आपण जो युरिया घालतो, तोही नैसर्गिक वायूपासूनच तयार होतो. चुलीच्या जागी सिलिंडर आला आणि घरातील स्त्रियांच्या डोळ्यांत व छातीत जाणारा धूर कमी झाला, हा आरोग्याचा लाभही विसरण्याजोगा नाही.

परंतु हे तेल येते कोठून? आपल्या देशात लागणाऱ्या दर १०० लिटर कच्च्या तेलांपैकी ८५ लिटरहून अधिक तेल परदेशांतून आणावे लागते. आखाती देशांत युद्धाचा भडका उडाला की त्याची झळ आपल्या डिझेलच्या टाकीपर्यंत पोहोचते. शिवाय देशातील स्वतःचे उत्पादन घटत आहे. २०११-१२ साली ते सुमारे ३ कोटी ८० लाख टन होते, ते २०२३-२४ मध्ये ३ कोटी टनांच्याही खाली आले. तेव्हा देशातच नव्या विहिरी खोदाव्यात, असे सरकारला वाटले तर त्यात काही गैर नाही.

आमचा प्रश्न वेगळा आहे. विहीर खोदताना ज्याच्या शेताशेजारी ती खोदायची, त्याला आधी विचारणार की नाही?

तुम्ही म्हणाल, आपल्या काळ्या दगडाच्या मुलखात तेलाची विहीर नाही, मग ही चर्चा आपल्याला कशाला? विहीर नसली तरी वायूची वाहिनी आहे. दाभोळहून बंगळुरूला जाणारी सुमारे १००० किलोमीटरची वाहिनी २०१३ साली सुरू झाली, ती कोल्हापूर आणि बेळगाव जिल्ह्यांतूनच गेली आहे. म्हणून ऊर्जेचे धोरण दिल्लीत ठरत असले, तरी त्याचा चर आपल्या बांधातूनच जातो.

आता इतिहास थोडक्यात पाहू. १९५६ साली तेल व नैसर्गिक वायू आयोग स्थापन झाला. १९७४ साली ‘सागर सम्राट’ या जहाजाने मुंबईच्या पश्चिमेस समुद्रात बॉम्बे हायचे तेल शोधले आणि १९७६ साली तेथून उत्पादन सुरू झाले. त्या वायूवर अलिबागजवळ थळ येथे मोठा खत कारखाना उभा राहिला. समुद्रात शेताचे बांध नसल्यामुळे जमिनीचा प्रश्न तेथे आला नाही. मच्छीमारांना मात्र तेलाच्या फलाटापासून ५०० मीटर दूर राहावे लागते, हेही सांगितले पाहिजे.

जमिनीवर गोष्ट निराळी असते. आंध्र प्रदेशातील गोदावरीच्या मुखाजवळचा प्रदेश भाताचा आणि नारळाचा. तेथे पासर्लपुडी येथे ८ जानेवारी १९९५ रोजी खोदाई चालू असलेल्या विहिरीतून वायू उसळला आणि त्याने पेट घेतला. ती आग सुमारे दोन महिने धुमसत राहिली. त्याच भागात नगरम गावी २७ जून २०१४ रोजी पहाटे वायूची वाहिनी फुटली आणि वीसहून अधिक माणसे होरपळून मेली. आसामात बाघजान येथे २७ मे २०२० रोजी ऑइल इंडिया कंपनीच्या विहिरीतून वायू बाहेर पडू लागला. ९ जूनला आग लागली, तीत कंपनीचे दोन अग्निशामक जवान दगावले. आसपासची हजारो माणसे छावण्यांत गेली. विहीर पूर्ण बंद व्हायला नोव्हेंबर उजाडला, म्हणजे जवळजवळ साडेपाच महिने लागले.

अशा धोक्यासाठी कायद्यात दोन आधार असतात. एक म्हणजे आधी ऐकून घेणे, दुसरा म्हणजे चुकणाऱ्याला शिक्षा करणे. पहिला आधार जानेवारी २०२० मध्ये सैल करण्यात आला. केंद्र सरकारने पर्यावरण परवानगीच्या नियमांत बदल करून तेल-वायूच्या शोधासाठी केल्या जाणाऱ्या खोदाईला खालच्या वर्गात टाकले. या वर्गाला जनसुनावणी लागत नाही. विहिरीतून प्रत्यक्ष उत्पादन काढायचे झाल्यास सुनावणी आहे, पण शोधाच्या खोदाईला नाही. पासर्लपुडीची विहीर खोदाई चालू असतानाच पेटली होती, हे येथे ध्यानात घ्यावे. अपघात ‘शोध’ आणि ‘उत्पादन’ असा भेद पाहून येत नाही.

दुसऱ्या आधाराबद्दल न्यायाने बोलले पाहिजे. १९४८ च्या तेलक्षेत्र कायद्यात नियम मोडणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा फार तर १००० रुपये दंड होता. २०२५ च्या दुरुस्तीने कैद काढून टाकली, पण दंड २५ लाखांपर्यंत नेला आणि उल्लंघन चालू राहिल्यास दिवसाला १० लाखांपर्यंत आणखी दंड ठेवला. १००० रुपयांपेक्षा हे बरेच, यात शंका नाही. तरी बाघजानच्या प्रकरणी राष्ट्रीय हरित लवादाने कंपनीला सुरुवातीलाच २५ कोटी रुपये जमा करण्यास सांगितले होते. नुकसान कोटींत आणि दंड लाखांत, असे हे मोजमाप आहे.

काही जण म्हणतात, सुनावणी ठेवली तर काम रखडते, कोणीतरी विरोध करतो आणि देश मागे राहतो. विलंब होतो हे खरे. पण सुनावणीची नोटीस असते तीस दिवसांची, आणि विहीर पुढे कित्येक वर्षे चालते. शिवाय आधी ऐकले नाही म्हणून लोक गप्प बसत नाहीत. तामिळनाडूत नेडुवासल येथे २०१७ साली शेतकरी वायूच्या योजनेविरुद्ध उभे राहिले. अखेर फेब्रुवारी २०२० मध्ये त्या राज्याने कावेरीचा त्रिभुज प्रदेश संरक्षित कृषिक्षेत्र ठरवून तेथे तेल-वायूच्या नव्या विहिरींना कायद्याने बंदी केली. आपल्या निपाणीला हे नव्याने सांगायला नको. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी महामार्गावर बसले, ते वेळीच कोणी ऐकले नाही म्हणूनच, आणि त्याचा शेवट ६ एप्रिलच्या गोळीबारात झाला. माणूस सभेत बोलू शकला तर त्याला रस्त्यावर बसावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट. अमेरिकेत जमिनीखालच्या तेलाचा हक्क पुष्कळदा खाजगी मालकाकडे असतो आणि त्याला परंपरेने उत्पादनाचा आठवा भाग मिळत आला आहे. आपल्याकडे जमिनीखालचे तेल सरकारचे आणि त्याचे स्वामित्वधन राज्याच्या तिजोरीत जाते. ते सर्वांचे असावे, हे आम्हाला मान्य आहे. पण ज्याला नफ्यात वाटा नाही, त्याला निदान बोलण्याचा वाटा तरी हवा. म्हणून शोधाच्या खोदाईसाठीही जनसुनावणी पुन्हा सक्तीची करावी आणि ती गावातच, गावाला समजणाऱ्या भाषेत व्हावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सरकार काय करील ते करो, आपण मात्र आपल्या हाती असलेले हक्क जाणून घ्यावेत. वाहिनीसाठी १९६२ चा कायदा लागतो. त्यात जमीन मालकाचीच राहते, कंपनीला फक्त वापराचा हक्क मिळतो. त्या पट्ट्यावर पीक घेता येते, पण घर बांधता येत नाही, विहीर किंवा तळे खोदता येत नाही, झाड लावता येत नाही. मोबदला अधिसूचनेच्या दिवशीच्या बाजारभावाच्या १० टक्के, म्हणजे पट्ट्याची किंमत १ लाख ठरली तर १० हजार. पिकाची व झाडांची भरपाई निराळी. किंमत ठरवताना नोंदलेली खरेदीखते पाहिली जातात, तेव्हा खतात किंमत कमी दाखवण्याची आपली जुनी खोड येथे आपल्याच अंगाशी येते.

अधिसूचना निघाल्यापासून हरकतीसाठी केवळ २१ दिवस असतात. नोटीस कन्नडमध्ये आली आणि वाचता आली नाही, म्हणून ती कपाटात ठेवू नका, त्याच दिवशी जाणत्याकडून वाचून घ्या. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क तुम्हाला आहे. हरकतीची पोच घ्या. पंचनाम्यावर उभ्या पिकाची नोंद पाहिल्याशिवाय सही करू नका. मोबदला कमी वाटला तर जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागता येते.

ज्यांच्या रानातून वाहिनी गेली आहे, त्यांनी एवढे लक्षात ठेवावे. स्वयंपाकाच्या गॅसचा वास मुद्दाम मिसळलेला असतो, मूळ नैसर्गिक वायूला वास नसतो. वाहिनीच्या पट्ट्यात फुसफुस आवाज आला, माती उडताना दिसली किंवा साचलेल्या पाण्यात बुडबुडे आले, तर विडी पेटवू नका, मोटार किंवा ट्रॅक्टर चालू करू नका. मुलाबाळांना घेऊन वाऱ्याच्या उलट दिशेने दूर जा आणि तेथून खांबावरच्या क्रमांकावर कळवा. हा क्रमांक आजच घरात भिंतीवर लिहून ठेवा.