रायफल घेताय? आधी छर्रे घ्या!

परवा ऑफिसातल्या मित्राने विचारलं, "पोरीला टेन मीटर एअर रायफल घ्यायचीये. एफडी मोडतोय. अडीच लाखांची जर्मन घेऊ ना?" पोरगी तेरा वर्षांची, क्लबच्या रायफलवर जेमतेम चार महिने झालेत. म्हटलं, "एफडी राहू दे, आधी चहा पी." चहा संपेपर्यंत त्याला जे ऐकवलं तेच इथे लिहितोय.

आपल्याकडे लोक दोनच प्रश्न विचारतात. पॉवर किती? कंपनी कुठली? माझ्या मते दोन्ही प्रश्न चुकीचे.

आधी पॉवर. दुकानदार हजार एफपीएसच्या गप्पा मारतो. ऑलिंपिकची मॅच रायफल छर्रा सोडते साधारण १७५ मीटर प्रति सेकंदाने, म्हणजे पावणेसहाशे एफपीएसच्या आसपास. दहा मीटरवरच्या कागदाला भोक पाडायला तेवढं भरपूर झालं. त्या कागदावर दहाचा ठिपका असतो फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. तिथे जोर काय कामाचा? दर वेळी तेच आणि तसंच घडायला हवं. साध्या स्प्रिंगच्या दणकट बंदुकीत पिस्टन पुढे आपटतो आणि छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच रायफल हलते. वर तिचा रिकामा चाप ओढून घरी सराव करायचीही सोय नाही, पिस्टनची वाट लागते.

आता कंपनी. परदेशी रायफल उत्तमच, वाद नाही. वरच्या स्पर्धांत ती लागतेच. पण नवीच कशाला? फाइनवेर्कबाऊ ६०१ सारखी एका झटक्यात हवा भरणारी जुनी मॅच रायफल नीट ठेवलेली असेल तर आजही अचूक मारते, सिलिंडरची भानगडच नाही. सिलिंडरवाली सेकंडहँड घेणार असाल तर त्यावरची तारीख आधी बघा. स्पर्धेत सिलिंडरला कमाल १० वर्षांची मुदत असते. स्वस्तात मिळाली म्हणून उचलली आणि नवा सिलिंडर घ्यावा लागला, की झाली बचत!

आणि ते "तीन छर्रे एकाच भोकात"वाले फोटो. अहो, तीन रनचा बेंचमार्क आपण ऑफिसात तरी मान्य करतो का? रायफल घट्ट बसवून दहा-दहा शॉटचे चार-पाच ग्रुप मागा, तेही वेगवेगळ्या छर्ऱ्यांचे. एकाच रायफलमधून ४.४९ आणि ४.५० मिलिमीटरचे छर्रे वेगळे ग्रुप देऊ शकतात. हा शोध डब्याच्या किमतीत लागतो, लाखांत नाही.

मॅच ६० शॉटची. म्हणजे ५०० चा डबा जेमतेम आठ मॅचचा सराव. खरा खर्च इथे आहे. छर्रे, रेंजची फी, मापाचं जॅकेट, बूट. अडीच लाख रायफलमध्ये घातले की बाप छर्रे मोजायला लागतो, आणि पोर सराव कमी करतं. हे मी रेंजवर डोळ्यांनी पाहिलंय.

म्हणून मित्राला सांगितलं, वर्षभर क्लबचीच रायफल वापरू दे. दस्त्याची लांबी आणि गालाच्या पट्टीची उंची वहीत लिहून ठेव, दर वेळी तीच लाव. पोर अजून वाढतंय. मग सेकंडहँड बघू.

पटत नसेल तर खुशाल भांडा. फक्त येताना टार्गेटचा कागद आणा. दहा शॉटचा, तीनचा नको.